अंतुतूचा आकडा दीडपट म्हणजे फोनही दीडपट चांगला का?

निवांत_वाचक (प्रश्न)

शेवटी दोन फोन उरलेत. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात वाहून जाईल. अंतुतू या फोनचा वेग मोजणाऱ्या ॲपवर 'क' चा स्कोअर १४ लाखांच्या घरात, 'ख' चा ९ लाखांच्या. दोन्ही आकडे अंतुतूच्या १० व्या आवृत्तीचे आणि एकाच रिव्ह्यू साइटवरचे. किंमत जवळजवळ सारखी, कॅमेरा दोन्हींचा चालण्यासारखा. 'ख' ला सहा वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळणार, 'क' ला तीन.

वापर: कॉल, व्हॉट्सॲप, नकाशे, बँकेची ॲप्स, ब्राउझरमध्ये भरपूर वाचन, भरपूर फोटो. गेम रोज अर्धा तास, पण सलग. फोन चार-पाच वर्षं बदलायचा नाही.

१४ आणि ९ मधला फरक हाताला जाणवतो का? की हे आकडे नुसते जाहिरातीपुरते? आणि बघायचेच असतील तर नक्की कोणते बघायचे?

काटेकोर

एकूण आकड्यावरून काहीच ठरवू नका, आधी तो फोडा. अंतुतू चार भागांची बेरीज करतं: सीपीयू (मुख्य प्रोसेसर), जीपीयू (ग्राफिक्स काढणारा भाग), मेमरी आणि यूएक्स (रोजच्या वापरातला सुरळीतपणा). वरच्या दर्जाच्या चिपमध्ये या बेरजेतला ४० टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या जीपीयूचा असतो. म्हणजे १४ आणि ९ मधला बराचसा फरक फक्त गेममध्ये कामाला येणारा असू शकतो. व्हॉट्सॲप उघडताना, पीडीएफ चाळताना जीपीयू जवळपास निवांत बसलेला असतो.

तुमच्या वापराशी सगळ्यात जवळचा आकडा म्हणजे गीकबेंच ६ या प्रोसेसर-चाचणीचा सिंगल-कोर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोरचा (गणन-भागाचा) वेग. ॲप उघडणं, वेबपेज मांडणं, कीबोर्ड वर येणं ही कामं बहुतांशी एका थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोरवर चालतात. तिथे आठ कोर असून उपयोग नाही, त्यातला सगळ्यात ताकदवान कोर किती पळतो ते महत्त्वाचं. अंदाज यावा म्हणून काही चिपचे आकडे: हेलिओ जी९९ हा ७०० च्या आसपास, स्नॅपड्रॅगन ८ जेन २ हा २००० च्या आसपास, स्नॅपड्रॅगन ८ एलिट ३००० च्या वर. ७०० वरून १२०० वर गेलात तर फरक डोळ्यांना दिसतो. २००० वरून ३००० वर गेलात तर रोजच्या कामात तो शोधावा लागतो.

"ऑक्टा-कोर" या शब्दाला भुलू नका. हेलिओ जी९९ मध्ये दोन मोठे कॉर्टेक्स-ए७६ कोर आणि सहा छोटे ए५५ आहेत. स्नॅपड्रॅगन ६९५ मध्ये दोन ए७८ आणि पुन्हा सहा ए५५. आठांपैकी सहा कोर बॅटरी वाचवायला ठेवलेले. स्क्रोल करायला लागल्यावर काम चटकन मोठ्या कोरवर गेलं नाही, तर तेवढ्यापुरता फोन अडखळतो. स्कोअर काढताना मोठे कोर पूर्ण जोरात असतात, त्यामुळे हा अडखळा त्यात उमटतच नाही.

आता आकडे वाचताना लोक कुठे फसतात ते. अंतुतू ९, १० आणि ११ यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे नाहीत, मोजपट्टीच वेगळी आहे. गीकबेंचचंही तेच. गीकबेंच ५ मध्ये इंटेलचा आय३-८१०० म्हणजे १००० गुण धरले होते, गीकबेंच ६ मध्ये आय७-१२७०० म्हणजे २५००. शिवाय गीकबेंच ६.३ पासून एसएमई नावाच्या सूचनासंचाला (चिपला काही गणितं झटपट करू देणाऱ्या आज्ञांना) आधार मिळाला. ज्या चिपमध्ये तो आहे, तिची 'ऑब्जेक्ट डिटेक्शन' ही एक उपचाचणी एकदम उसळी मारते आणि सरासरी वर ओढते. म्हणून निकालाचं पान खाली सरकवून 'एचटीएमएल ५ ब्राउझर', 'पीडीएफ रेंडरर', 'फोटो लायब्ररी' या ओळी बघा. तुमचं काम तिथे आहे. आणि आयफोनचा अंतुतू अँड्रॉइडच्या अंतुतूशेजारी लावू नका.

झटपट

इतकी चिरफाड कशाला? मधल्या फळीतला आजचा कुठलाही फोन या वापराला पुरतो. अपडेट किती वर्षं, बॅटरी किती, सर्व्हिस कशी, एवढं बघा आणि 'ख' घ्या. गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. त्यातला टेन्सर जी३ (त्या फोनची चिप) स्कोअरमध्ये त्या वर्षीच्या स्नॅपड्रॅगनच्या बराच मागे होता, तरी घेणाऱ्यांचं काही अडलं नाही.

काटेकोर

@झटपट, दिशा बरोबर, कारण अर्धवट. पाच वर्षं वापरायचा म्हटलं की स्कोअरला वेगळा अर्थ येतो. आजची ॲप्स दोन्ही फोन चालवतील. प्रश्न चौथ्या वर्षीच्या ॲप्सचा आहे. ती फुगलेली असतील, बॅटरी थकलेली असेल, स्टोरेज भरत आलेलं असेल. त्या वेळी सिंगल-कोरमध्ये ३० टक्के शिल्लक असणं आणि नसणं यात फरक पडतो. सहा वर्षं अपडेट देणाऱ्या फोनची चिप आजच काठावर असेल, तर पाचव्या वर्षी अपडेट येईल आणि फोन रांगायला लागेल. म्हणून बेंचमार्कने (अशा वेग-चाचणीने) फोन निवडायचा नाही, नापास करायचा. एक किमान रेषा ठरवा (पाच वर्षांसाठी गीकबेंच ६ सिंगल-कोर निदान १००० तरी धरा), तिच्याखालचे काढून टाका. उरलेल्यांत मग अपडेट, कॅमेरा, बॅटरी.

थर्मलपेस्ट

सलग अर्धा तास गेम म्हणालात ना? मग वरच्या कुठल्याच आकड्याने तुमचं भागणार नाही. गीकबेंच काही मिनिटांत संपतं आणि उपचाचण्यांमध्ये थांबेही घेतं. फोन तापायच्या आत निकाल हातात. अर्ध्या तासाच्या गेममध्ये पहिली पाच मिनिटं सोडली तर फोन तापलेलाच असतो.

बघायचं ते थ्रीडीमार्क या ग्राफिक्स-चाचणीची 'वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम स्ट्रेस टेस्ट'. एक मिनिटाची एक फेरी, अशा वीस फेऱ्या लागोपाठ, एकूण वीस मिनिटं. शेवटी तीन आकडे मिळतात: सर्वोत्तम फेरी, सर्वात खालची फेरी आणि स्टॅबिलिटीची टक्केवारी. यातली टक्केवारी बहुतेक जण उलटी वाचतात. "९९ टक्के स्टेबल" म्हणजे फोन भारी, असं नाही. समजा एकाची सर्वोत्तम फेरी ४००० आणि स्टॅबिलिटी ६० टक्के, तर तो घसरून २४०० वर टेकतो. दुसऱ्याची १५०० आणि ९९ टक्के, तो १४८५ वर. दमलेला पहिला फोन ताज्यातवान्या दुसऱ्याच्या पुढेच आहे. म्हणून टक्केवारी विसरा, सर्वात खालच्या फेरीचा आकडा घ्या. तोच तुमच्या गेमच्या विसाव्या मिनिटाचा वेग.

त्याच्या जोडीने पाठीचं तापमान बघा. स्टॅबिलिटी टिकवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे उष्णता नीट पसरवणं: मोठा व्हेपर चेंबर (उष्णता पसरवणारी पातळ पेटी), ग्रॅफाइटचे थर, चिपपासून फ्रेमपर्यंत चांगला संपर्क. दुसरा म्हणजे फोनला जास्त तापू देणं. दुसऱ्या मार्गाने आलेले ९५ टक्के म्हणजे हातात धरवत नाही असा फोन आणि लवकर म्हातारी होणारी बॅटरी. वीस मिनिटांनंतर पाठ ४२-४३ अंशांपर्यंत ठीक. ४७-४८ असेल तर कव्हर घालून खेळणं विसरा. चांगल्या रिव्ह्यूमध्ये स्ट्रेस टेस्टच्या आलेखाशेजारी हे तापमान दिलेलं असतं. नसेल तर तो रिव्ह्यू गेमसाठी निरुपयोगी.

रचना तीच ठेवून चिप कुठे बनवली यानेही चित्र पालटतं. याचं ठळक उदाहरण २०२२ चं: स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटर प्रक्रियेवर होता. काही महिन्यांत आलेला ८ प्लस जेन १ टीएसएमसी या दुसऱ्या चिप-उत्पादकाच्या ४ नॅनोमीटरवर. कोर तेच, क्लॉक (कोरची गती) उलट थोडा जास्त, तरी वीज कमी खाणारा आणि थंड. पहिल्या फेरीचे आकडे जवळजवळ होते, विसाव्या फेरीत दोघांमध्ये खूप अंतर पडायचं.

आणखी एक. गेम ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) बांधलेला असेल तर ताकदवान जीपीयू जास्त फ्रेम काढणार नाही, पण त्याच ६० फ्रेम कमी क्लॉकवर, कमी व्होल्टेजवर काढेल. म्हणजे मोठा स्कोअर कधीकधी वेगाऐवजी थंडपणाच्या आणि बॅटरीच्या रूपाने मिळतो. म्हणून 'क' ला सरसकट मोडीत काढू नका.

निवांत_वाचक

हे छान उलगडलंत, आता दोन्ही फोनांच्या स्ट्रेस टेस्ट शोधतो. पण कंपन्या बेंचमार्क ॲप ओळखून फोन मुद्दाम पळवतात असं वाचलंय. मग या आकड्यांवर भरवसा ठेवायचा कसा?

कर्नलवाला

पळवतात, आणि तेही फार आधीपासून. २०१३ मध्ये गॅलेक्सी एस४ च्या एक्सिनॉस (सॅमसंगची स्वतःची चिप) आवृत्तीत जीपीयू ठरावीक बेंचमार्क ॲपमध्ये ५३३ मेगाहर्ट्झवर जायचा, बाकीच्या ॲप्सना ४८० च. २०१८ मध्ये थ्रीडीमार्कच्या यूएल कंपनीने हुवावेचे पी२० आणि ऑनर प्ले यांसारखे फोन यादीतून काढले. पकडण्याची युक्ती साधी होती: तीच चाचणी, पण ॲपचं नाव फोनला ओळखीचं नसलेलं. नाव बदललं की स्कोअर पडला. २०२१ मध्ये गीकबेंचने वनप्लस ९ आणि ९ प्रो काढले, तिथे प्रकार उलटा होता. क्रोमसारखी नेहमीची लोकप्रिय ॲप्स मोठ्या कोरपासून दूर ठेवली जात होती आणि बेंचमार्कला मात्र मोकळं रान. २०२२ मध्ये सॅमसंगच्या गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिसचं प्रकरण याच धर्तीचं. ॲप्सची भलीमोठी यादी आवरून धरलेली, बेंचमार्क त्यातून वगळलेले. गीकबेंचने तेव्हा एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मालिका काढल्या, आणि सॅमसंगने अपडेटमधून तो आवर बंद करायची सोय दिली.

यावर उतारा असा: नावाने ओळखता न येणारी चाचणी बघा. ब्राउझरमधला स्पीडोमीटर ३ त्यासाठी उत्तम. तो साधं वेबपेज म्हणून चालतो, वेगळं ॲप नाही. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी मिळून २०२४ मध्ये आणला, त्यामुळे कुणा एकाच्या बाजूने झुकवलेला नाही. भरपूर वाचन करणाऱ्याला तो गीकबेंचपेक्षाही जवळचा. दोन्ही फोनांवर एकाच ब्राउझरची एकच आवृत्ती हवी मात्र. ब्राउझर बदलला की तुलना गेली.

खेळाची खात्री करायची तर रिव्ह्यूमध्ये प्रत्यक्ष गेमचा फ्रेम-टाइम (प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ) आलेख बघा, सरासरी एफपीएस नाही. सरासरी ५८ असूनही दर काही सेकंदांनी एक फ्रेम ६० मिलिसेकंद अडकत असेल तर खेळताना चीड येते. "१ टक्का लो" (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा दिला असेल तर तो पकडा.

बेंचमार्कला सरसकट खोटं ठरवणाऱ्यांना एक आठवण: २०१७ च्या डिसेंबरमध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोन ६एस आणि ७ चा वेग मुद्दाम कमी केला जातोय, हे गीकबेंचच्याच साठलेल्या निकालांच्या आलेखातून लोकांसमोर आलं. एका उंचवट्याऐवजी खालच्या स्कोअरवर वेगळे उंचवटे दिसले. त्यानंतर आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आलं.

साठवण

सगळे चिपवर बोलतायत, स्टोरेज राहिलंच. दोन वर्षांनी फोन "मंद झाला" अशी तक्रार येते त्यात बऱ्याचदा दोष चिपचा नसतो, भरलेल्या आणि संथ स्टोरेजचा असतो.

पायऱ्या अशा (ईएमएमसी आणि यूएफएस हे स्टोरेजचे दोन प्रकार): ईएमएमसी ५.१ ची इंटरफेस मर्यादा सेकंदाला ४०० एमबी, आणि ते एका वेळी वाचतं किंवा लिहितं, दोन्ही नाही. यूएफएस एकाच वेळी दोन्ही करतं. यूएफएस २.२ प्रत्यक्षात साधारण १००० एमबीपर्यंत वाचतं, ३.१ हे २००० च्या आसपास, ४.० हे ४००० च्या आसपास. जाहिरातीत हा सलग वाचनाचा आकडा असतो. रोजच्या वापरात मात्र ४ केबीच्या तुकड्यांचं विखुरलेलं वाचन-लेखन जास्त, म्हणून रिव्ह्यूमध्ये 'रँडम रीड' आणि 'रँडम राइट' शोधा. ॲप अपडेट होत असताना फोन गोठतो, ते रँडम राइटच्या दुबळेपणाने.

खरी गोम पुढे आहे. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या क्षमतांमध्ये स्टोरेज वेगळं असू शकतं. गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ जीबीला यूएफएस ३.१ होतं, २५६ ला ४.०. रिव्ह्यूला बहुधा मोठी आवृत्ती जाते, लोक घेतात छोटी, आणि मेमरीचा स्कोअर जुळत नाही म्हणून नाराज होतात. तेच चिपचं: गॅलेक्सी एस२४ काही देशांत एक्सिनॉस २४०० वर, काही देशांत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ वर. नाव एकच. खोक्यावरचा मॉडेल नंबर रिव्ह्यूतल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

"८+८ जीबी रॅम" मधले दुसरे आठ म्हणजे स्टोरेजचा तुकडा. खऱ्या रॅमच्या तुलनेत तो फारच संथ, आणि सतत लिहून स्टोरेजही झिजवतो. चार-पाच वर्षं वापरायचा तर खरी ८ जीबी किमान, आणि तो पर्याय सेटिंग्जमध्ये बंद. रॅम कमी पडली की बेंचमार्क खाली येत नाही, फक्त नकाशावरून फोन कॉलवर जाऊन परत आलात की नकाशा पहिल्यापासून उघडतो. हे कुठल्याच स्कोअरमध्ये दिसणार नाही.

निवांत_वाचक

फोन हातात आल्यावर स्वतः तपासायचा असेल तर? परतीची मुदत असते तेवढ्यात.

थर्मलपेस्ट

पहिल्या दिवशी तपासू नका. नवा फोन मागच्या बाजूने ॲप्स नव्याने कंपाइल करत असतो, फोटोंची सूची बनवत असतो, बॅकअप खाली ओढत असतो. त्या दिवशीचे आकडे हमखास कमी येतात. सगळे अपडेट घाला, एक रात्र वाय-फाय आणि चार्जरवर ठेवा, मग:

१. चार्ज ६०-८० टक्के, चार्जर काढलेला, कव्हर काढलेलं. चार्जिंगची उष्णता स्कोअर खाते.
२. बॅटरी सेव्हर बंद, एअरप्लेन मोड चालू, ब्राइटनेस निम्म्यावर. 'परफॉर्मन्स मोड' असेल तर बंद आणि चालू दोन्ही मोजा. रिव्ह्यूवाल्यांनी चालू ठेवलेला असू शकतो.
३. अर्धा तास स्वस्थ ठेवून गीकबेंच तीनदा, मध्ये दहा-दहा मिनिटं सोडून. तीन निकालांत ३ ते ५ टक्के फरक नेहमीचा. त्याच मॉडेलच्या सर्वसाधारण आकड्यापेक्षा १५ टक्के कमी येत असेल तर आधी रीस्टार्ट करा, मग शंका घ्या.
४. फोन पूर्ण थंड झाल्यावर स्ट्रेस टेस्ट. ती चालू असताना फोन गादीवर किंवा उशीवर नको, टेबलावर.
५. अडखळणं डोळ्यांनी बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. त्यात 'प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग', मग पडद्यावर पट्ट्या. हिरवी आडवी रेघ म्हणजे साधारण १६ मिलिसेकंद, ६० हर्ट्झची मर्यादा. १२० हर्ट्झला प्रत्येक फ्रेमला ८.३ मिलिसेकंदच मिळतात, म्हणून पट्ट्या रेघेच्या निम्म्याखाली हव्यात. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये, फोटोंच्या गॅलरीत सरकवून बघा. गेममध्ये हे चालत नाही.

अंतुतू २०२० मध्ये प्ले स्टोअरवरून काढलं गेलं. त्यासाठी कुठल्यातरी साइटवरून एपीके (ॲपची फाइल) आणून टाकायची गरज नाही, वरच्या दोन चाचण्या स्टोअरवर आहेत.

निवांत_वाचक

आकडे मिळाले. वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम: 'क' सर्वोत्तम ३०२०, सर्वात खालची १८७०, पाठ ४७ अंश. 'ख' सर्वोत्तम १६३०, खालची १६००, पाठ ४१. गीकबेंच ६ सिंगल-कोर: 'क' १४००, 'ख' ११५०. 'क' ला यूएफएस ३.१. 'ख' ला १२८ जीबीमध्ये यूएफएस २.२, २५६ मध्ये ३.१. रॅम दोन्हींची खरी ८.

काटेकोर

मग बघा, अंतुतूत ५५ टक्क्यांचं दिसणारं अंतर तापल्यावर १८७० विरुद्ध १६००, म्हणजे १७ टक्क्यांवर आलं, आणि तेही सहा अंश जास्त तापून. सिंगल-कोरमध्ये २२ टक्के, पण दोन्ही रेषेच्या वर. तिसऱ्या वर्षानंतर 'क' वर बँकेची ॲप्स सिक्युरिटी पॅचशिवाय वापरावी लागतील. 'ख' घ्या, पण २५६ चा.

थर्मलपेस्ट

सहमत, एका अटीवर. तुमचा गेम 'ख' वर कुठल्या ग्राफिक्स सेटिंगला ६० एफपीएस देतो ते आधी बघा. काही गेम चिपच्या यादीवरून सेटिंग ठरवतात, आणि यादीत नसलेल्या चिपला ताकद असूनही ६० चा पर्यायच दाखवत नाहीत. त्या गेमच्या सेटिंग्जच्या पानाचा स्क्रीनशॉट 'ख' वापरणाऱ्या कुणाकडून तरी मागवा.